फ्रीजशेजारचा कॅनडा

रायपूरच्या चौबे कॉलनीत, रामटेक्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या डाव्या अंगाला एका खिळ्यावर कॅनडा देशाचं नागरिकत्व टांगलेलं होतं. दिसायला ते साधं भिंतीवरचं कॅलेंडर होतं. वर किराणा दुकानाचं नाव, खाली तारखांचे चौकोन, आणि खिळ्यालाच दोरीनं बांधलेलं एक लाल पेन. घरात जागच्या जागी सापडणारी ती एकमेव वस्तू असल्यामुळे सगळे तेच पेन वापरत. पण या घराची सून दीक्षा त्या चौकोनांतून नवऱ्याचं, मुलीचं आणि स्वतःचं पुढचं आयुष्य मोजत होती. मोजणीच्या कामात ती कच्ची नव्हती. नागपूर विद्यापीठाची सांख्यिकीतली एम.एस्सी. होती ती, पहिल्या वर्गातली. हे ती स्वतःहून कुणाला सांगत नसे. समोरचा विचारेल इथवर विषय आणून सोडत असे, एवढंच.

नवरा यशदीप शिकायला म्हणून कॅनडात गेला होता. शिकला, तिथंच नोकरीला लागला, त्याला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला, आणि आता नागरिकत्वाचा अर्ज करायचा होता. तिकडचा कायदा असा, की अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत एक हजार पंच्याण्णव दिवस माणूस सदेह त्या देशात असला पाहिजे. मन कुठं होतं हे विचारत नाहीत. परवान्यानंतरचा दिवस पूर्ण धरतात. विद्यार्थीदशेतला दिवस मात्र अर्धाच, आणि असले अर्धे जोडून तीनशे पासष्टच्या वर जाऊ देत नाहीत.

हे दीक्षाच्या सासूबाईंना, कलावतीबाईंना, कधीच पटलं नाही. "अर्धा दिवस म्हंजे? पोट्टा काय दुपारपर्यंतच राहत होता थो तिथं?"

बाकी जे दिवस देशाबाहेर गेले ते वजा. आणि यशदीपच्या बाबतीत देशाबाहेर म्हणजे चौबे कॉलनी. तो घरी आला, की दीक्षा त्या दिवसाच्या चौकोनात लाल फुली मारी. नवरा घरी असल्याच्या दिवसांवर फुली मारणारी जगातली ती बहुधा एकटीच बायको असावी. पण तिचा इलाज नव्हता. तिची आणि पायलची व्हिसाची फाइल तिकडच्या कुठल्याशा दफ्तरात विचाराधीन होती. दीड वर्षात त्या दफ्तराचा विचार काही पूर्ण झाला नव्हता.

पायल म्हणजे मुलगी. अठरा फेब्रुवारीला तिला दोन वर्षं पूर्ण होणार होती. पहिल्या वाढदिवसाला यशदीप आला नव्हता. दिवस वजा होतील म्हणून दीक्षानंच येऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी फोन साखरेच्या डब्याला टेकवून केकसमोर उभा केला होता. पायलनं आनंदानं टेबलावर थाप मारली आणि तिचा बाप तोंडावर केकमध्ये पडला. त्याला पुसून काढीपर्यंत तो आतून "काय झालं? अंधार काहून झाला?" असं विचारत होता. सगळे हसले. दीक्षाही हसली, आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ फोनच्या कडेतली क्रीम टाचणीनं काढत बसली. त्याच दिवशी तिनं ठरवलं, की दुसऱ्या वाढदिवसाला काहीही झालं तरी तो इथं असेल.

जानेवारीत यशदीपनं अर्ज भरायला घेतला. अर्जात तो केव्हा केव्हा देशाबाहेर होता त्या तारखा हव्या होत्या. आता, माणूस स्वतः कुठं होता हे त्याला ठाऊक असावं, अशी एक समजूत आहे. यशदीपच्या बाबतीत ती खरी नव्हती. त्याचा पासपोर्ट जॅकेटच्या खिशातून धुलाईयंत्रात जाऊन आला होता आणि त्यावरचे शिक्के आता निळसर ढगांसारखे दिसत होते. तिकिटं कॉलेजच्या ज्या ईमेलवर आली होती तो ईमेल कॉलेजनं बंद केला होता. तिकडच्या सरकारकडं नोंद मागितली तर उत्तर कधी येईल याचा नेम नव्हता.

"यार दीक्षा, तुझ्याजवळ तर सगळं कॅलेंडरवर आहे ना," तो म्हणाला. "तू तर स्टॅटिस्टिक्सवाली."

या वाक्यात जी चापलुसी होती ती दीक्षाला कळली. तरी तिला बरं वाटायचं ते वाटलंच.

चालू वर्षाचं कॅलेंडर खिळ्यावर होतं, पण जुनी कलावतीबाईंच्या ताब्यात होती. कलावतीबाई जुनं कॅलेंडर टाकत नाहीत. त्याची पानं सोडवून मांडणीवर, डब्यांखाली अंथरतात. त्यामुळे दोन हजार चोवीस साल काढायला सगळी मांडणी उतरवावी लागली. फेब्रुवारी आणि मार्च डाळींखाली निघाले, ऑक्टोबर लोणच्याखाली होता. नोव्हेंबर मसाल्याच्या डब्यांखाली हळदीनं पिवळा होऊन पडला होता, पण त्यावरच्या लाल फुल्या शाबूत होत्या. त्या दिवाळीला यश आला होता. ऑक्टोबरच्या सत्तावीसपासून नोव्हेंबरच्या चोवीसपर्यंत सलग फुल्या, एकही चौकोन सुटलेला नाही.

"चोवीसपर्यंत होतो मी?" यशदीपनं फोनवर विचारलं.

"होतास ना. पायलच्या तापात होतास तू. पंधरा तारखेला ताप चढला, आठ दिवस उतरला नाही. तू रात्र-रात्र जागलास, ते 'आलू कचालू'चं गाणं म्हणून दाखवलंस तिला..."

"हो हो! होतोच की मी. एकशे तीन होता. मला तो थर्मामीटर अजून दिसतो."

दोघांनाही आठवत होतं, म्हणजे प्रश्नच मिटला. दीक्षानं फेब्रुवारी-मार्चच्या बाळंतपणातले वीस आणि दिवाळीचे एकोणतीस, असे एकोणपन्नास दिवस वजा केले, तीनदा करून पाहिले, आणि उत्तर तिन्ही वेळा तेच आलं. एक हजार पंच्याण्णवावा दिवस सव्वीस फेब्रुवारीला भरत होता. वाढदिवस अठराला.

"मग मी येऊन जातो ना आठ दिवस," यश म्हणाला. "परत जाऊन भरून काढीन."

"सुट्टी एकदाच आहे तुझी. आणि आत्ता आलास तर अर्ज पुढं जाईल, आणि सुट्टी संपताच कंपनी तुला दुसऱ्या देशात पाठवणार आहे, तिथले दिवस धरतच नाहीत. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून? नाही यश. सव्वीसला भर, सत्तावीसला अर्ज कर, अठ्ठावीसला नीघ."

मग तो म्हणाला, "तिला सांग, बाबा उशिरा येऊन राहिला म्हणून." दीक्षानं सांगितलं. पायलनं ऐकून घेतलं आणि फोनला बिस्किट चारलं.

घरात ही बातमी चांगली गेली नाही. कलावतीबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "आठ दिवसांसाठी पोट्टीच्या वाढदिवसाले बाप नाई! ते सरकार काय दारात काठी घेऊन बसलं हाय? आणि मले एक सांग. हे भरलं, का मंग तो तिकडचा होईन. मंग आपल्याच घरी यायले त्याले व्हिसा लागन का?"

"त्यासाठी वेगळं कार्ड असतं, आई."

"म्हंजे लागनच काही तरी."

सासरे, धर्मपाल रामटेके, रेल्वेत गार्ड होते. छत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांनी मिनिटामिनिटाच्या नोंदी लिहिल्या होत्या. जिची नोंद नाही ती गाडी आलीच नाही, असं त्यांचं मत होतं. मुलाच्या नागरिकत्वाचा विषय निघाला, की ते उठत आणि दिवाणखान्यातल्या संविधानाच्या उद्देशिकेची तसबीर फडक्यानं पुसत. या महिन्यात ती तसबीर इतकी स्वच्छ झाली होती, की तिच्यात समोरच्या घराचा जिना दिसत असे.

समोरच्या घरात उदय आणि मीनाक्षी राहत. उदय नवा रायपूरला मंत्रालयात होता. कुठल्याही गोष्टीकडं तो कागद या दृष्टीनंच पाही. मीनाक्षी बोरं द्यायला आली, तिनं ऐकलं, घरी जाऊन सांगितलं, आणि दहा मिनिटांत उदय चहाला हजर झाला.

"वहिनी, गणित तुमचं बरोबर असेल, त्यात वाद नाही," नोव्हेंबरचं पान उजेडात धरून तो गंभीरपणे म्हणाला. "पण उद्या त्यांनी विचारलं, या तारखा कशावरून, तर काय मसाल्याचा डबा दाखवणार? सक्षम अधिकाऱ्याचा कागद हवा."

"सक्षम अधिकारी कोण?" धर्मपालांनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदाच विषयात रस आला.

"तेच तर आधी शोधायचं असतं," उदय म्हणाला.

मीनाक्षीचा सल्ला निराळा होता. तिच्या मते दीक्षानं इतका विचारच करायला नको होता. तिच्या मावसबहिणीनं विचार न करता सगळं केलं आणि आता तिचं न्यू जर्सीला स्वतःचं घर आहे. असले सल्ले ऐकून घ्यायचे असतात. बोरं चांगली होती.

सक्षम अधिकारी शोधायला दीक्षा, सासरे आणि कडेवर पायल असे तिघं नवा रायपूरला गेले. तिथं रस्ते इतके रुंद आहेत, की पलीकडच्या बाजूला माणूस दिसला तरी तो आपल्या ओळखीचा की नाही हे कळायला वेळ लागतो. बस तासाभरानं आली. उदयनं सांगितलेल्या कार्यालयातला बाबू सज्जन होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"देखिए, बाहर जाने वालों का रिकॉर्ड यहाँ नहीं रहता. आप जिस देश में थे, वहाँ पूछिए."

"हम तो कहीं गए ही नहीं," दीक्षा म्हणाली. "हम यहीं थे."

"फिर आपको किस बात का प्रमाण चाहिए?"

"कि वो यहाँ थे."

"कौन?"

"जो वहाँ हैं."

बाबूनं चष्मा काढून पुसला. मग पलीकडच्या इमारतीत जायला सांगितलं. पलीकडची इमारत दीड किलोमीटरवर होती. तिथल्या माणसानं त्यांना ज्या खोलीत पाठवलं, ती या सज्जन बाबूचीच निघाली. त्यानं आणि दीक्षानं एकमेकांना ओळख दिली नाही. पायल मात्र त्याला "टाटा" म्हणाली.

शेवटी कचेरीजवळच्या एका नोटरीकडं शपथपत्र करायचं ठरलं. नोटरी झाडाखाली टाइपराइटर घेऊन बसलेला होता आणि त्याला कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य वाटत नसे. त्यानं नोव्हेंबरच्या पानाची झेरॉक्स जोडली आणि हिंदीत टाइप केलं, की मी, दीक्षा पति यशदीप रामटेके, शपथपूर्वक कथन करते, की लाल फुलीचा प्रत्येक दिवस माझे पती माझ्या समक्ष रायपूरच्या घरी उपस्थित होते, आणि पुत्रीच्या ज्वराच्या काळात त्यांनी स्वतः तिची शुश्रूषा केली. धर्मपालांनी साक्षीदार म्हणून सही केली. वेळही टाकली: अकरा वाजून बावीस मिनिटं.

परतताना दीक्षाला बरेच दिवसांनी हलकं वाटलं. तिनं सदर बाजारातून पायलसाठी चांदीचे पैंजण घेतले. सोबत वाढदिवसाच्या मेणबत्त्याही घेतल्या, साखरेच्या डब्याला टेकवायच्या फोनसाठी.

चौदा फेब्रुवारीच्या सकाळी दूधवाला आला. बिसाहू यादव हा गेली अकरा वर्षं या घरी दूध घालत होता. मोटारसायकलला दोन बाजूंना कॅन, आणि हॉर्न असा, की सगळ्या गल्लीला दिवस उजाडल्याचं कळावं. हॉर्न ऐकला की पायल असेल तिथून उठे, आपलं लहानसं पातेलं घेई आणि दाराकडं पळे. पाऊस असो, थंडी असो, बिसाहू येणार. पायलच्या दुनियेत दररोज ठरल्या वेळी दारात येणारा तो एकच पुरुष होता.

त्या दिवशी तो भाचीच्या लग्नाला दोन दिवस जायचं म्हणत होता आणि कलावतीबाई ऐकत नव्हत्या.

"तुम्हारा दो दिन मेरे को मालूम है! उस दिवाली में भी बारा दिन गायब थे. पोट्टी मेरी छोटी, उसको बुखार, और घर में दूध का नागा!"

"ओ तो देवउठनी के बाद नाचे बर गे रहेंव, दाई," बिसाहू म्हणाला. कार्तिकी एकादशीनंतर राऊतांचा, म्हणजे गवळ्यांचा, नाच असतो; त्याला तो गेला होता. काठ्या, कवड्यांची जाकिटं, गावोगाव. "बता के गे रहेंव. पौर साल तो माड़ी पिरात रिहिस, नइ गेंव." गेल्या वर्षी गुडघा दुखत होता, म्हणून गेला नव्हता.

"बताया था तो क्या हुआ? मैंने एक-एक दिन की फुली मारी है कैलेंडर पे. तेरा तारीख से चोबीस तक! आज भी दिखा सकती हूँ."

दीक्षा कणीक मळत होती. तिचे हात परातीतच थांबले.

"आई," ती म्हणाली, "कोणत्या पेनानं मारल्या?"

"कोणत्या म्हंजे? तेच, लाल. दुसरं पेन हाय का या घरात?"

दीक्षा कणकेच्या हातांनी उठली. नोव्हेंबरचं पान आता प्लास्टिकच्या पिशवीत, शपथपत्रासोबत, कपाटात मानानं ठेवलेलं होतं. तिनं ते खिडकीशी नेलं. बारा तारखेपर्यंतच्या फुल्या नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पहिल्या वर्गातल्या. तेरापासूनच्या फुल्या आडव्या पसरलेल्या, रागानं मारलेल्या. तेरा ते चोवीस म्हणजे बारा दिवस. एका माणसाच्या बाबतीत फुली म्हणजे तो आला, दुसऱ्याच्या बाबतीत फुली म्हणजे तो आलाच नाही, आणि सांख्यिकीच्या एम.एस्सी.नं दोघांची बेरीज केली होती. एका देशाच्या नागरिकत्वातून तिनं दूधवाल्याच्या रजा वजा केल्या होत्या, तेही स्टॅम्प पेपरवर, शपथेवर, सासऱ्यांच्या साक्षीनं.

पण तिला खाली बसवलं ते या गोष्टीनं नाही.

ताप पंधराला चढला होता. म्हणजे तापात यश नव्हता. मग रात्रीचा तो आवाज? 'आलू कचालू'? दीक्षानं डोळे मिटले आणि तिला ते दिसलं: उशीशेजारी तापाच्या औषधाची बाटली, आणि बाटलीला टेकवून उभा केलेला फोन. आठ रात्री तो बंद झाला नव्हता. तिकडं दिवस असायचा, त्यानं कामावरही तो तसाच समोर ठेवला होता. थर्मामीटर तीच कॅमेऱ्यापुढं धरायची. त्याला तो अजून दिसतो, ते खरंच होतं. दोघांनाही तो इथं असल्याचं आठवत होतं, आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

दुपारपर्यंत ती आकडे मांडत बसली. शिकलेल्या माणसाला चूक कबूल करायला थोडा वेळ लागतो. आधी ती दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा मोजून पाहावी लागते. तिनं पाहिली. एकोणपन्नासातून बारा गेले, सदतीस उरले. एक हजार पंच्याण्णव दिवस सव्वीसला नव्हे, आज, चौदाला भरत होते.

धर्मपाल दिवाणखान्यात पेपर वाचत होते. तिनं पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. दूधवाल्याचं, फुल्यांचं, फोनचं. शेवटी म्हणाली, "बाबा, मी खोटी शपथ घेतली. तुमची सही आहे त्यावर."

त्यांनी फुल्या एकेक करून बोटानं मोजल्या. मग म्हणाले, "एकदा भाटापाऱ्याजवळ माझ्या नोंदीत चूक झाली होती. सात मिनिटांची. मी म्हटलं, सात मिनिटांनं काय होते, कोणाले दिसते? मंग पुढच्या स्टेशनावर मीच सांगतलं. मोठा साहेब रागावला. पण गार्डाले चूक दिसली, का त्यानं लाल दाखवायचा. लपवली तर मागून येणारी गाडी आदळते." त्यांनी चष्मा काढला. "शपथपत्र कुठं धाडलं?"

"कुठंच नाही. कपाटात आहे."

"मंग फाडून टाक. पण त्याच्या आधी सबूत पाहू. बिसाहूचं ऐकून एवढी मोठी गाडी सोडता येत नाही."

सबूत त्यांच्याचकडं होता. दाराच्या मागं एक तार होती, खालून हुकासारखी वाकवलेली, आणि त्यांनी आयुष्यात घेतलेला प्रत्येक कागदी तुकडा तीत टोचलेला होता. सुनेनं आणि सासऱ्यानं तासभर दोन हजार चोवीस साल तारेवरून उतरवलं. विमानतळाच्या पार्किंगची चिठ्ठी सापडली, पण असल्या चिठ्ठ्या वर्षभरात पांढऱ्या होतात. तिच्यावर काहीच नव्हतं. धर्मपालांनी ती खिडकीच्या काचेला लावली. उजेड मागून आला तेव्हा राखाडी अक्षरं उमटली. बारा, अकरा, चोवीस. येण्याची वेळ सहा चाळीस.

"मीच सोडाले गेलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "मले आता आठवून राहिलं. बॅग मशीनीत टाकेपर्यंत तो मागं पाहत होता."

यशदीपला तिनं त्याची सकाळ होईपर्यंत थांबून फोन केला. तिनं आकडा सांगितला, कारणही सांगितलं.

"म्हणजे मी नव्हतोच?" तो म्हणाला.

"नव्हतास."

"मला वाटलं, निदान तेवढं तरी..." मग एकदम म्हणाला, "आज चौदा ना? म्हणजे भरले? अर्ज आत्ता टाकतो. एक मिनिट. बिसाहू भैयाला माझा नमस्कार सांग."

अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. सतराचं तिकीट मिळालं. अठराला संध्याकाळी रायपूर. कलावतीबाईंनी केक सांगितला. मेणबत्तीवरून त्यांचं नेहमीचं भांडणही झालं, कारण त्यांच्या मते मेणबत्ती बुद्धांसमोर लावायची असते, फुंकायची नसते. लेकराच्या वाढदिवसाला घरातला उजेड विझवायचा ही कुठली रीत? उदयनं गाडी देऊ केली आणि एक सूचनाही, की पोचल्याबरोबर बोर्डिंग पासच्या तीन प्रती काढाव्यात.

अठराच्या संध्याकाळी यशदीप दिल्लीच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेत उभा होता. रांग संपली तेव्हा रायपूरचं विमान गेलेलं होतं. पुढचं सकाळी.

कलावतीबाईंनी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, पायलला मांडीवर घेऊन त्रिशरण म्हटलं, आणि केक फ्रीजमध्ये ठेवून दिला. पैंजण घालून पायल इकडून तिकडं फिरत होती. दीक्षा त्या आवाजानं दोनदा उगीचच दाराकडं गेली. पाच वर्षांचे दिवस बरोबर मोजून झाले होते, आणि जो एक हवा होता तोच हातचा गेला होता.

एकोणीसला सकाळी आठ वाजता उदयची गाडी फाटकाशी थांबली. त्याच क्षणी बिसाहूचा हॉर्न वाजला.

यशदीप खाली उतरला. बॅग तशीच टाकून तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले. पायल पैंजण वाजवत पळत आली. त्याच्या जवळून, त्याच्या हातांना वळसा घालून, ती मोटारसायकलशी गेली आणि तिनं पातेलं वर धरलं.

यशदीपचे हात तसेच राहिले. सगळ्यात जास्त अवघडला तो बिसाहू. त्यानं एकदा दीक्षाकडं पाहिलं, एकदा त्या बसलेल्या माणसाकडं. मग त्यानं पातेलं घेतलं, माप भरून ओतलं, आणि पायलच्या हाती न देता यशदीपच्या हातात ठेवलं.

"ले नोनी," तो म्हणाला. "आज तोर ददा मेर ले ले." आज बाबाकडून घे, असं.

पायलनं पातेल्याकडं पाहिलं. मग ते धरणाऱ्या हातांकडं, आणि मग वर, चेहऱ्याकडं. रोज दूध देणारा माणूस आपला, एवढं तिला ठाऊक होतं. ती दोन पावलं पुढं आली, पातेल्याच्या दुसऱ्या कडेला तिनं आपले हात लावले आणि म्हणाली, "सांडू नको हं."

"नाही सांडणार," यश म्हणाला. ते दोघं पातेलं धरून एकेक पायरी घरात आले. ते सांडलं, बरंचसं.

"केक काढते," दीक्षा म्हणाली.

"आता कशाचा? अठरा तर काल झाली," कलावतीबाई म्हणाल्या.

दीक्षानं आयुष्यात पहिल्यांदा एक दिवस चोरला. "तिकडं अजून अठराच आहे, आई."

सगळ्यांनी धर्मपालांकडं पाहिलं. त्यांनी मनगट वर केलं, डोळे बारीक केले, साडेदहा तास वजा केले. "अठरा तारीख, रात्रीचे साडेनऊ," त्यांनी जाहीर केलं. "गाडी राइट टाइम."

मेणबत्ती लावली गेली. ती कुणी फुंकली नाही. कलावतीबाईंनी ती केकवरून काढून बुद्धमूर्तीपुढं लावली, आणि पायलनं फोनला नाही, समोर बसलेल्या माणसाला केक चारला. तो त्याच्या नाकालाही लागला. धर्मपाल फडकं आणायला उठले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी ते तसबिरीसाठी नव्हे, नातीच्या हातांसाठी आणलं.

दुपारी सवयीनं दीक्षा फ्रीजशी गेली. दोरीला लाल पेन लोंबकळत होतं. तिनं ते हातात घेतलं आणि एकोणीसच्या चौकोनाकडं बराच वेळ पाहिलं. मग, यापुढं फुली फक्त न आलेल्या माणसाची, असं ठरवून तिनं पेन सोडून दिलं. चौकोन कोराच राहिला. या घराच्या नियमाप्रमाणे त्याचा अर्थ आता एकच होत होता: आज दोघंही आले.